इंडोनेशियातले ज्वालामुखी आणि विवरातली सरोवरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालीची तिकिटे काढून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'तिथे ज्वालामुखीवर चढता येतं म्हणे?' येतं. बालीतही येतं आणि शेजारच्या जावा, लोंबोक, फ्लोरेस या बेटांवरही. ट्रेकच्या ग्रुपमध्ये आणि नातेवाइकांच्या फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा सारख्या बदलतात, म्हणून ते बहुतेक ठिकाणी मुद्दाम दिलेले नाहीत.

जिवंत ज्वालामुखीवर लोकांना जाऊ देतात तरी कसे?

सगळ्यांवर जाऊ देत नाहीत, आणि जिथे देतात तिथेही बारा महिने नाही. इंडोनेशियात सव्वाशेच्या आसपास जिवंत ज्वालामुखी आहेत. त्यांच्यावर लक्ष ठेवणारे सरकारी केंद्र जावातल्या बांडुंग शहरात आहे, पीव्हीएमबीजी या लघुनावाने ते ओळखले जाते. हे केंद्र प्रत्येक डोंगराला धोक्याच्या चारपैकी एक पातळी देते: पहिली नोर्माल, दुसरी वास्पादा, तिसरी सियागा, चौथी आवास. 'मागमा इंडोनेशिया' या त्यांच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर ती कुणालाही बघता येते.

पातळीच्या खाली आणखी एक ओळ असते, विवरापासून किती अंतराच्या आत जायचे नाही याची. लोक पातळीचा आकडा बघतात, ही ओळ वाचतच नाहीत. पश्चिम सुमात्रातला मारापी ३ डिसेंबर २०२३ रोजी फुटला तेव्हा तो दुसऱ्याच पातळीवर होता, म्हणजे कागदोपत्री फार गंभीर काही नव्हते. पण विवरापासून ३ किलोमीटरच्या आत जाऊ नका, अशी केंद्राची शिफारस होती. तरीही त्या दिवशी डोंगरावर ७५ गिर्यारोहक होते. त्यातले २४ गेले.

म्हणून आदल्या रात्री दोन्ही गोष्टी स्वतः बघा, पातळी आणि अंतर. टूरवाल्याला 'उद्या चालू आहे ना?' असे विचारून उपयोग नाही. त्याचे पोट 'हो' म्हणण्यावर आहे. ब्रोमो तर अनेकदा दुसऱ्या पातळीवर असतो, विवरापासून १ किलोमीटर लांब राहा अशी सूचनाही असते, आणि पायऱ्यांवर मात्र जत्रा भरलेली असते. अशा वेळी समोरच्या कड्यावरून दर्शन घेऊन परत फिरणारे आम्हाला शहाणे वाटतात.

पहिल्यांदाच जातोय. कोणता डोंगर निवडू?

बालीतच मुक्काम असेल तर बातूर. उंची १,७१७ मीटर, पायथ्यापासून दोनेक तासांची चढण, पहाटे माथ्यावर. खाली बालीतले सर्वात मोठे सरोवर आणि पलीकडे आगुंगचा सुळका. माथ्यावरच्या फटींतून निघणाऱ्या वाफेवर वाटाडे अंडी उकडून देतात. माकडे तुमच्या हातातले केळे न विचारता नेतात. रोज शेकडो माणसे वर असतात, तेव्हा एकांत मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

चालायचे कमी आणि बघायचे जास्त असेल तर पूर्व जावातला ब्रोमो. रात्री उठून चालायची तयारी असेल तर जावाच्या पूर्व टोकावरचा इजेन. गर्दीचा कंटाळा असेल आणि हाताशी दोन-तीन दिवस जादा असतील तर फ्लोरेसमधला केलिमुतु. खरा ट्रेक हवा असेल तर लोंबोकमधला रिंजानी. सर्वांना एकाच आठवड्यात बसवणारी पॅकेजे मिळतात. त्यात माणूस डोंगरापेक्षा गाडीत जास्त असतो आणि सलग दोन-तीन रात्रींची झोप उडते. ब्रोमो आणि इजेन ही जोडी मात्र चांगली जमते. इजेन झाल्यावर केतापांगहून फेरीबोटीने तासाभरात बालीला उतरता येते.

आम्ही दर पावसाळ्यात सह्याद्रीत असतो. रिंजानी सहज होईल ना?

दम पुरेल. प्रश्न वाटेचा आहे. सह्याद्रीतला दगड जुना, घट्ट बसलेला. पाय ठेवला की तो तिथेच राहतो. तरुण ज्वालामुखीचा माथा म्हणजे राख आणि खडीचा ढीग. हरिश्चंद्रगडाच्या किंवा रतनगडाच्या वाटेवर घसारा लागतो तो थोडा वेळ. रिंजानीच्या शेवटच्या टप्प्यात तोच घसारा तासन्‌तास संपत नाही. दोन पावले वर टाकायची आणि एक पाऊल खाली सरकायचे, तेही अंधारात, गार वाऱ्यात, दोन्ही बाजूंना उतार असलेल्या धारेवर.

आकडे असे आहेत. रिंजानी ३,७२६ मीटर, देशातला दुसऱ्या क्रमांकाचा उंच ज्वालामुखी; पहिला सुमात्रातला केरिंची, ३,८०५ मीटर. सेंबालुन गावातून निघून पहिला मुक्काम विवराच्या कड्यावर, सुमारे २,६०० मीटरवर होतो. रात्री दोनच्या सुमारास उठून उरलेले अकराशे मीटर चढायचे. मग उतरून, वेळ असेल तर सरोवरापर्यंत आणखी सहाशे मीटर खाली जायचे आणि दुसऱ्या बाजूने कड्यावर परत यायचे. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. त्या उंचीला विरळ हवेचा त्रास होत नाही. इथे डोके दुखू शकते, मळमळू शकते. तसे झाले तर माथ्याचा नाद सोडायचा.

ओझे स्थानिक हमाल वाहतात. बांबूच्या दोन्ही टोकांना टोपल्या लावलेली कावड खांद्यावर, पायात बहुतेकांच्या साधी स्लिपर, आणि ते तुमच्या आधी तळावर पोचून भात शिजवत असतात. स्वस्तातले पॅकेज घेताना लक्षात ठेवा की कपात बहुधा यांच्याच मजुरीत झालेली असते.

२०२५ च्या जूनमध्ये एक ब्राझिलियन तरुणी याच माथ्याच्या वाटेवरून दरीत पडली आणि तिच्यापर्यंत पोचायला बचावपथकाला काही दिवस लागले. त्या घटनेने जगभर चर्चा झाली. मागे पडलेल्याला एकटे ठेवून गट पुढे नेणारा वाटाड्या चालणार नाही, हे निघण्यापूर्वी स्पष्ट बोलून घ्या.

आणि रिंजानीचे सरोवर नुसते दृश्य नाही. सेगारा आनाक हे त्याचे नाव. १२५७ मध्ये समालास नावाचा इथला जुना डोंगर फुटून खचला, त्या खळग्यात हे पाणी साठले. त्या उद्रेकाचे गंधकाचे अंश ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडले होते. ते कोणत्या डोंगराचे हे शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये जाहीर केले. सरोवरातून डोके वर काढलेला बारुजारी हा छोटा शंकू आजही अधूनमधून धुमसतो. बाली-लोंबोकचे हिंदू इथे येऊन पाण्यात सोने अर्पण करतात.

मे महिन्याच्या सुट्टीत जावे की दिवाळीत?

मे. बेटे विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने पावसाचे गणित आपल्या उलट आहे. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे, नोव्हेंबर ते मार्च पावसाचे. जून-जुलैत इकडे धो धो कोसळत असताना तिकडे आकाश निरभ्र असते. दिवाळी उशिरा आली तर पावसाची सुरुवात गाठली जाते. नाताळात जाणाऱ्यांनी पहाटे ढगात उभे राहायची तयारी ठेवावी. रिंजानी तर जानेवारी ते मार्च बंदच असतो.

ब्रोमोला नेमके काय बघायचे? आणि वर गणपती आहे हे खरे का?

खरे आहे. विवराच्या अगदी काठावर दगडी गणपती बसलेला आहे आणि त्याच्यासमोर फुले असतात. तेंगर लोक त्याला मानतात. जावाचा बहुतांश भाग मुस्लिम झाल्यानंतरही या डोंगराभोवतीच्या गावांत हिंदू धर्म टिकून राहिला. खाली वाळूच्या पठारावर त्यांचे मंदिर आहे, पुरा लुहुर पोतेन.

कार्यक्रम साधारण असा असतो. पहाटे तीनच्या सुमारास जीपने पेनांजाकान या उंच जागी जायचे. सूर्य उगवताना समोर वाळूचे पठार धुक्याने भरलेले, त्यातून ब्रोमो आणि बातोक हे दोन शंकू वर आलेले आणि मागे सेमेरूच्या तोंडातून धुराचा पुंजका, हे चित्र तुम्ही फोटोत नक्की पाहिलेले आहे. मग जीप खाली वाळूत उतरते. तिथून पाऊण तास चालत किंवा घोड्यावर, आणि शेवटी अडीचशेच्या आसपास पायऱ्या. वर पोचल्यावर एका बाजूला वाळू आणि दुसऱ्या बाजूला थेट विवर. आतून सतत घरघर ऐकू येते. काही ठिकाणी कठडा आहे, काही ठिकाणी नाही. लहान मूल बरोबर असेल तर हात सोडू नका.

जमत असेल तर कासादाच्या उत्सवाच्या आसपास जा. त्यामागची कथा आपल्याला लगेच समजेल अशी आहे. रोरो आंतेंग आणि जोको सेगेर या निपुत्रिक जोडप्याने डोंगराला नवस केला, पंचवीस मुले झाली, आणि नवसाप्रमाणे धाकटा डोंगराला द्यावा लागला. आज तेंगर लोक रात्री वाजतगाजत वर येऊन भाज्या, धान्य, कोंबड्या, कधी बकरीही विवरात सोडतात. गंमत म्हणजे आतल्या उतारावर जाळी घेऊन दुसरी माणसे उभी असतात आणि वरून आलेली कोंबडी अधांतरी झेलतात. त्यात कुणाला वावगे वाटत नाही. देवाला पोचले, आता माणसाला मिळाले तर काय बिघडले? तो उतार मात्र भयंकर आहे, तुम्ही त्यांच्या मागे उतरू नका.

प्री-वेडिंग शूटवाल्यांसाठी एक सूचना. सप्टेंबर २०२३ मध्ये अशाच एका शूटमध्ये पेटवलेल्या धुराच्या नळकांड्यांमुळे इथले वाळलेले गवत पेटले आणि शेकडो हेक्टर कुरण जळाले. परवानगी घ्या आणि आग लागेल असे काही नेऊ नका.

इजेनची निळी आग म्हणजे निळा लाव्हा का?

नाही, लाव्हा नाही. विवराच्या तळाशी फटींतून गंधकाचे वायू अत्यंत गरम बाहेर येतात, हवा लागताच पेट घेतात आणि ती ज्योत निळी दिसते. ती दिवसाही जळत असते, फक्त उजेडात दिसत नाही. म्हणून सगळी धावपळ रात्रीची. पायथ्याच्या पाल्तुडिंगपासून कड्यापर्यंत सुमारे ३ किलोमीटर आणि पाचशे मीटर चढण आहे. ज्योत बघायची तर तिथून पुढे मोठमोठ्या धोंड्यांवरून विवरात खाली उतरावे लागते. हा उतार प्रशासन वेळोवेळी बंद करते आणि कधीकधी आगच जेमतेम दिसते. आग दिसली नाही तरी हळूहळू उजाडताना पिरोजी रंगाचे पाणी उलगडत जाते, तेवढ्यासाठी वर जाणे वसूल आहे.

वारा फिरला की पांढरा धूर अंगावर येतो. घसा चरचरतो, डोळ्यांतून पाणी, खोकल्याची उबळ. साधा कापडी किंवा एन-९५ मास्क वायू अडवत नाही. आम्लधर्मी वायूंसाठीची डबी लावलेला मास्क लागतो, तो खाली भाड्याने मिळतो. घेताना डबी जुनी नाही ना, पट्टा तुटका नाही ना, हे बघा. चांदीचे दागिने काढून ठेवा, काळे पडतात.

अरुंद वाटेवर मागून माणूस येताना दिसला की आधी बाजूला व्हा. तो गंधक काढणारा कामगार असतो. तळाशी लावलेल्या नळांतून वायू थंड होऊन गंधक आधी तांबडसर द्रवासारखा ठिबकतो, मग थिजून पिवळाधमक होतो. पहारीने त्याचे ढेकूळ फोडायचे, कावडीच्या दोन टोपल्यांत भरायचे आणि ७० किलो, कधी त्याहून जास्त ओझे त्या खड्ड्यातून वर काढायचे. कावड लवते तेव्हा करकर आवाज येतो. तो कानावर आला की वाट सोडायची. कित्येकांच्या खांद्यावर घट्ट्याचा उंचवटा कायमचा आलेला असतो. कड्यापासून खाली आता बरेच जण ढकलगाडी वापरतात, आणि त्याच गाडीत दमलेल्या पर्यटकांना बसवून नेतात. ज्यात गंधकापेक्षा जास्त पैसे मिळतात ते काम त्यांना करू द्या. गाडीत बसायला लाजू नका. फोटो काढायचा तर आधी विचारा आणि काहीतरी हातावर ठेवा.

फोटोवरून आठवले. एप्रिल २०२४ मध्ये कड्यावर फोटोसाठी मागे सरकताना एक परदेशी पर्यटक महिला खाली पडून मरण पावली. धोका बहुतेक वेळा उद्रेकाचा नसतो, तो असा असतो.

लोणार सरोवर आणि हे एकच प्रकार ना?

दिसायला गोल, खोल, बाकी काही जुळत नाही. लोणारचा खड्डा आकाशातून आलेल्या अशनीने पाडला. ज्या काळ्या पाषाणात तो पडला तो मात्र दख्खनच्या जुन्या लाव्हाचा आहे. लोणारचे पाणी चांगलेच खारट आणि अल्कधर्मी, पीएच १० च्या आसपास. इजेनचे पाणी दुसऱ्या टोकाला: पीएच ०.५ च्याही खाली, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाच्या जवळ जाणारे. सुमारे एक किलोमीटर रुंद असे दुसरे एवढे मोठे तीव्र आम्लाचे सरोवर जगात नाही. हात बुडवू नका.

महाराष्ट्राशी खरा संबंध हवा असेल तर सुमात्रातल्या टोबाकडे बघा. तिथे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी महाप्रचंड उद्रेक झाला आणि आज तिथे शंभर किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. टोबाच्या राखेचा थर पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी, बोरी गावाजवळ सापडतो. तो याच उद्रेकाचा की त्याआधीच्या, यावर संशोधकांत वाद आहे. टोबाला चढण वगैरे नाही. सरोवरातल्या सामोसिर बेटावर चार दिवस आराम करायचा.

केलिमुतुच्या तीन सरोवरांचे रंग खरंच बदलतात?

बदलतात, आणि तिन्हींचे वेगवेगळे. एक निळसर-हिरवे, शेजारचे काळपट, तिसरे कधी तांबूस तपकिरी. खालून येणारे वायू आणि पाण्यात विरघळलेली खनिजे यांचा तो खेळ आहे. आधी फोटो बघून रंग ठरवून जाऊ नका. स्थानिक लिओ लोकांच्या मते मेल्यावर माणसाचा आत्मा इथे येतो: म्हाताऱ्यांसाठी एक, तरुणांसाठी दुसरे आणि करणी-कपट करणाऱ्यांसाठी तिसरे. मोनी गावातून पहाटे गाडीने वर, मग अर्धा तास सोपी चाल. उंची १,६३९ मीटर, कळसूबाईपेक्षा थोडी कमी. कठड्यापलीकडे जाऊ नका. खालचा काठ ठिसूळ आहे.

आईबाबा साठीच्या पुढचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांना काही दाखवता येईल का?

नक्की. बांडुंगजवळच्या तांकुबान पेराहूला गाडी थेट विवराच्या काठापर्यंत जाते. कावाह पुतिह हे दुधी-पिरोजी सरोवरही जवळच आहे. बालीत किंतामानीच्या कड्यावर बसून चहा पीत बातूर बघता येतो. मध्य जावातले दिएंग पठार तर त्यांना फार आवडेल: रंगीत सरोवर, उकळता चिखल आणि अर्जुन, भीम, घटोत्कच अशी नावे असलेली जुनी दगडी मंदिरे. तिथे ठरलेली वाट सोडून खळग्यांत उतरू नका. १९७९ मध्ये जमिनीतून आलेल्या कार्बन डायऑक्साइडने इथल्या गावकऱ्यांचे जीव घेतले होते.

दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर इजेनला जाऊ नका. तिथे डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला मागतात, तो पायथ्याच्या गावात रक्तदाब बघून पटकन मिळतो. पण दाखला मिळाला म्हणून दमा बरा होत नाही.

शाकाहारी आहोत. उपाशी राहावे लागेल का?

नाही. तेंपे आणि तहू, म्हणजे सोयाबीनच्या वड्या आणि टोफू, सगळीकडे मिळतात. अडचण दिसत नाही तिथे असते: मिरचीच्या चटणीत तेरासी नावाचा सुकट कोळंबीचा गोळा असतो आणि कुरकुरीत पापड बहुतेक वेळा कोळंबीचा असतो. 'तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी', म्हणजे मांस, मासे, तेरासी नको, एवढे पाठ करा. ट्रेकवर वाटाड्याला आधी सांगितले नाही तर अंडे घातलेल्या नूडल्स समोर येतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू बरोबर असले की पहाटे दोनला फार उपयोगी पडतात.

उष्ण कटिबंध म्हणजे गरम कपडे नकोत ना?

हवेत. ब्रोमोला पहाटे पारा ५ अंशांपर्यंत उतरतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिएंगला गवतावर दव गोठते. कानटोपी, वारा अडवणारे जाकीट, हेडटॉर्च आणि टाच न झिजलेला बूट. रिंजानीला काठी आणि खडी आत जाऊ नये म्हणून घोट्यावरचे आवरण घ्या.

मेरापी, सेमेरू, क्राकाताऊ यांवर जाता येते का?

योग्यकार्ताजवळच्या मेरापीची चढाई २०१८ पासून बंद आहे. २०१० च्या उद्रेकात तिथे साडेतीनशेच्या आसपास माणसे गेली. उतारावरची जीपसफर मात्र मिळते, त्यात जळून वितळलेली भांडी आणि घड्याळ जपून ठेवलेले घर दाखवतात. हा मेरापी जावातला; वर सांगितलेला मारापी सुमात्रातला. बातमी वाचताना गल्लत करू नका. सेमेरूचा माथाही बंद आहे. परवानगी असते तेव्हा रानू कुंबोलो सरोवरापर्यंत सोडतात. आनाक क्राकाताऊचा एक भाग २०१८ च्या डिसेंबरमध्ये समुद्रात कोसळला आणि त्सुनामीने चारशेहून जास्त बळी घेतले. तिथे उतरवून देतो म्हणणारा बोटवाला भेटलाच तर नमस्कार करून पुढे जा.

व्हिसा आणि वेळेचे काय?

भारतीयांना विमानतळावर किंवा आधी ऑनलाइन ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, शुल्क ५ लाख रुपिया. बालीत शिरताना वेगळा दीड लाख रुपियांचा पर्यटक कर आहे. जावाची वेळ आपल्यापुढे दीड तास, बाली-लोंबोक-फ्लोरेसची अडीच तास. जावाहून बालीला येताना हा एक तास विसरून विमान चुकवणारे लोक आहेत. तरुण वाटाड्याला 'मास', वयस्काला 'पाक' म्हणा; नुसत्या नावाने हाक मारणे उद्धट वाटते.

ज्वालामुखीमुळे विमान रद्द झाले तर?

होते तसे. २०१७ मध्ये आगुंगच्या राखेने बालीचा विमानतळ बंद पडला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आणि २०२५ मध्ये पुन्हा, शेकडो किलोमीटरवरच्या फ्लोरेसमधल्या लेवोतोबीमुळे बालीची उड्डाणे रद्द झाली. त्यामुळे डोंगर सहलीच्या सुरुवातीला ठेवा आणि परतीच्या विमानापूर्वी किमान एक दिवस मोकळा सोडा. विमा घेताना दोन कलमे वाचा: नैसर्गिक आपत्तीने उड्डाण रद्द झाल्यास भरपाई आहे का, आणि ट्रेकिंगला किती उंचीपर्यंत संरक्षण आहे. स्वस्त पॉलिसीत रिंजानीची उंची बसेलच असे नाही.

आठवण म्हणून दगड किंवा गंधक आणावे का?

दगड नको, राष्ट्रीय उद्यानातून काही उचलून आणायला मनाई असते. इजेनला कामगार गंधक साच्यात ओतून कासव, फूल असे नमुने विकतात. विकत घेऊन हॉटेलातच ठेवून या, कारण गंधक ज्वलनशील आहे आणि विमानात नेता येत नाही. किंवा वस्तू न घेता तेवढेच पैसे त्यांना द्या.